दात, पुरळ आणि पायमोजे

“डॉक्टर, तुमचे स्वतःचे किती दात किडलेत?”

हा प्रश्न मी शाळेच्या सभागृहात, तीनशे मुलींच्या मधोमध उभी राहून, खणखणीत आवाजात विचारला. प्रश्न माझा नव्हता. तो वकील आणि मुंगी या माझ्या दोन मैत्रिणींचा होता. वकील माझ्या डावीकडे बसते आणि खिडकी उघडायची की नाही यावरसुद्धा तासभर बाजू मांडू शकते. मुंगी उजवीकडे बसते आणि पटकन दिसत नाही. दोघींनी पैज लावली होती की मी हे विचारूच शकणार नाही. सहा महिन्यांपूर्वी नसतेच विचारू शकले. तेव्हा हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतानाही मी घसा खाकरून घ्यायची. पण मधल्या काळात वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले, आणि तेव्हापासून माझा आवाज मला न विचारताच बाहेर पडायला लागला.

दंततपासणीसाठी आलेल्या डॉक्टरताई हसल्या. वयाने तशा लहानच, पांढऱ्या कोटाच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या.

“पाच,” त्या म्हणाल्या. “दोन भरलेत, एक काढलाय, उरलेल्या दोघांशी बोलणी चालू आहेत. तुझे किती?”

“एकही नाही!”

“ये, बघू.”

इथे मी बसून घ्यायला हवं होतं. पण टाळ्या पडत होत्या आणि टाळ्या पडत असताना खाली बसायची कला मी अजून शिकलेली नाही. गेले. खुर्चीत बसले, आ केला. डॉक्टरताईंनी बॅटरी मारली आणि म्हणाल्या, “खालची उजवी दाढ. अगं, इथे तर एक बिऱ्हाड राहू शकेल.”

सभागृहात हशा पिकला. मुंगी हसताना बाकावरून घसरली आणि आणखीच दिसेनाशी झाली.

या डॉक्टरताई आमच्याच इमारतीत, तळमजल्यावरच्या गाळ्यात दोन महिन्यांपूर्वी आल्या होत्या. आधी तिथे छत्र्या दुरुस्त करून मिळत. डॉक्टरताईंनी भिंत स्वतः रंगवली, तिच्यावर एक हसरी दाढ काढली आणि बाहेर एक बाकडं ठेवलं. इमारतीतले लोक जाता-येता दाढेकडे बघायचे, बाकड्यावर टेकून पिशव्या हलक्या करायचे आणि वर निघून जायचे. एवढ्या लहान मुलीच्या हातात तोंड कसं द्यायचं, असा एकूण सूर होता. मग एकेक जण जायला लागला. बाकड्यावर लोक आता पिशव्यांशिवायही दिसायला लागले. आणि नेमकी तेव्हा मी गेले.

पण त्याआधी पायाच्या नखांबद्दल सांगायला हवं. ते मी तेव्हा सांगितलं नाही, म्हणून तर हे सगळं झालं.

मुंगीची मोठी बहीण शिकायला बाहेरगावी गेली आणि जाताना कपाटात जेल नेलपॉलिशचा संच विसरून गेली. तीन बाटल्या आणि एक छोटा निळा दिवा. हे साधं नेलपॉलिश नव्हे. हे फुंकर मारून वाळत नाही. नखावर लावायचं आणि दिव्याखाली साठ सेकंद धरायचं, की ते दगडासारखं घट्ट होतं. आमच्या घरी नखं रंगवायला बंदी. शाळेत तर दर सोमवारी पीटीच्या बाई हात पुढे करायला लावतात. मग आमच्या वकिलाने मुद्दा मांडला: बाई हात बघतात, पाय कुठे बघतात? पायात दिवसभर मोजे असतात. नियमात पाय नाहीत.

अशा रीतीने सलग सात शनिवार आम्ही मुंगीच्या खोलीत पायाची नखं रंगवली. तीस नखं, आणि कारागीर मी. दिवा हाताच्या मापाचा, त्यात पाय मावायचा नाही, म्हणून दोन-दोन बोटं आत सारायची. जेल नखापेक्षा कातडीवर जास्त जायचं. ते मी बोटाने पुसायची. सातव्या शनिवारपर्यंत माझ्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं सोलवटली होती आणि पायाच्या बोटांना खाज सुटली होती. बोटांचं खापर मी खडूवर फोडलं आणि पायांचं बुटांवर. आईने नवे बूट आणले. बिचारे बूट.

आता दवाखाना. आई ग्रंथालयात काम करते आणि फॉर्मवर रिकामी जागा दिसली की तिला चैन पडत नाही. डॉक्टरताईंनी दोन पानी माहितीपत्रक दिलं. आईने रकान्यांमागून रकाने भरले. मधुमेह: नाही. दमा: नाही. ॲलर्जी: नाही. शेवटी ‘इतर’ असा रकाना होता, तिथेही तिने ‘इतर काही नाही’ असं लिहून खाली सही ठोकली.

डॉक्टरताईंनी पत्रक वाचलं, बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे वळल्या. “कधी कुठल्या गोंदाने, केसांच्या रंगाने, चिकटपट्टीने खाज आलीय? नखांना जेल वगैरे लावतेस? दातात जे भरतो ना, ते त्याच्याच नात्यातलं असतं. म्हणून विचारते.”

इतका सरळ प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. तीनशे मुलींसमोर बोलणारी मी. तेव्हा समोर दोनच माणसं होती, त्यातली एक आई.

“नाही,” मी म्हणाले, आणि दोन्ही हात पुढे केले. स्वच्छ, कापलेली, कोरी नखं. आईने अभिमानाने त्या हातांकडे बघितलं. डॉक्टरताईंनीही बघितलं. बोटांच्या सोललेल्या टोकांवर त्यांची नजर जरा थांबली.

“हे काय गं?”

“खडू.”

“बरं,” त्या म्हणाल्या.

मग टोचणं, कोरणं, पाण्याचा फवारा, तोंडात कापसाच्या गुंडाळ्या. दाढेत काहीतरी ओलं, कडू लावलं आणि मग डॉक्टरताईंनी हातात एक पेनासारखा दिवा घेतला. निळा! हुबेहूब तोच निळा, मुंगीच्या खोलीतला. दिवा टिक केला आणि मी सवयीने मनातल्या मनात साठ मोजायला लागले. विसाला तो बंद झाला. ‘त्याच्याच नात्यातलं’ हे डॉक्टरताईंचे शब्द आठवले. म्हणजे हे तेच असणार. मी “अं अं” केलं. डॉक्टरताई लगेच थांबल्या, गुंडाळी बाजूला केली. “दुखतंय? काही सांगायचंय?”

आई कोपऱ्यातल्या खुर्चीत आपली पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

“नाही,” मी म्हणाले. दुसऱ्यांदा.

दोन दिवस काहीच झालं नाही. मी दाढ जिभेने चाचपून बघायची आणि निर्धास्त व्हायची. तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघितलं तर आरशात दुसरंच कुणीतरी. ओठ सुजून पुढे आलेले, तोंडाभोवती लाल पुरळ, पापण्या फुगलेल्या. आणि मोज्यांच्या आत, कुणाला न दिसणारी, दहा बोटं पेटल्यासारखी. मला शास्त्र कळत नव्हतं. पण पाय कळत होते.

“अहो!” आई ओरडली. “बघा ना हिचं तोंड!”

बाबा धावत आले. बाबांविषयी एवढंच सांगते की ते वजनमाप खात्यात आहेत, दिवसभर दुकानदारांचे तराजू तपासतात. त्यामुळे जगात फक्त दोन गोष्टी खोटं बोलत नाहीत असं त्यांचं ठाम मत होतं. एक म्हणजे त्यांच्या पेटीतलं प्रमाणित एक किलोचं वजन, आणि दुसरी मी.

पाठोपाठ तिसऱ्या मजल्यावरचे रंगकाका आले. ते रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेत, म्हणून आम्ही त्यांना रंगकाका म्हणतो, म्हणजे त्यांच्या मागे म्हणतो. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं, जसं भिंतीचा पोपडा बघतात तसं.

“रेझिन!” ते म्हणाले. “सांगतो तुम्हाला. दात भरतात ते रेझिन असतं. आमच्या कारखान्यात पिंपाने यायचं. ते हलक्या प्रतीचं असलं की असं होतं. पोरीच्या दातात लाकडाचं पॉलिश भरलंय त्या बाईने.”

“काय सांगता!” आई.

“आता बोटभर तोंड आलंय, उद्या हातभर येईल.”

शेजारच्या काकूंनी बर्फ सांगितला. वरच्या आजोबांनी शेक सांगितला. मग बर्फवाले आणि शेकवाले असे दोन गट पडले आणि आमच्या दारात त्यांचं इतकं जोरात जुंपलं की मी आत जाऊन आरशात स्वतःशीच बोलत बसले तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. एका गोष्टीवर मात्र दोन्ही गटांचं एकमत होतं. दोष खालच्या डॉक्टरबाईचा.

आम्ही खाली गेलो. आम्ही म्हणजे आई, बाबा, मी, आणि साक्षीदार म्हणून रंगकाका. डॉक्टरताईंनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी ताबडतोब औषध लिहिलं, त्वचेच्या डॉक्टरांचं नाव दिलं, आणि मग बाबांकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “ही ॲलर्जी दिसतेय. पण पहिल्याच वेळी सहसा अशी येत नाही हो. आधी कुठेतरी या पदार्थाशी संबंध आला असणार. मी हिला विचारलंही होतं. पुन्हा एकदा विचारू का?”

“म्हणजे माझी मुलगी खोटं बोलते, असं म्हणायचंय तुम्हाला?” बाबा म्हणाले.

“तसं नाही, पण...”

“तुमच्या हातून चूक झाली ती मान्य करा. लेकराच्या माथी मारू नका! ही आयुष्यात माझ्याशी एक शब्दही खोटं बोललेली नाही.”

माझा बाप चारचौघांत कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी माझ्यासाठी चढवला. बाकड्यावर दोन पेशंट बसले होते, ते उठले आणि निघून गेले. डॉक्टरताई माझ्याकडे बघत होत्या. मी भिंतीवरच्या हसऱ्या दाढेकडे बघत होते.

तेव्हाच मोजे काढले असते तर ही गोष्ट इथे संपली असती, आणि एका चांगल्या चपराकीवर भागलं असतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी अर्ज लिहिला. तीन प्रती. रजा टाकून मला घेऊन आरोग्य कार्यालयात गेले. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला, चष्मा कपाळावर चढवला.

“तक्रार दाताची की कातडीची?”

“दातामुळे कातडीची.”

“मग दोन अर्ज लागतील. दाताची खिडकी मंगळवारी, कातडीची गुरुवारी.”

“आज बुधवार आहे.”

“आज चौकशीची खिडकी आहे. चौकशी करा.”

बाबांनी चौकशी केली. कारकुनाने माझं शाळेचं ओळखपत्र मागितलं, त्यावरचा फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, परत फोटो बघितला. “ही ती मुलगी नाही.”

“अहो, पुरळामुळे चेहरा सुजलाय. तीच तर तक्रार आहे.”

“चेहरा जुळल्याशिवाय अर्ज घेता येत नाही. पुरळ उतरल्यावर या.”

“पुरळ उतरल्यावर तक्रार कशाची करू?”

“ते मला कसं माहीत? तक्रार तुमची आहे.”

बाबांचा असा पाणउतारा मी कधी पाहिला नव्हता. तेही सरकारी माणूस, लोक त्यांच्या खिडकीशी उभे राहतात. पण ते हटले नाहीत. त्यांनी प्रतिज्ञापत्र केलं, की सदर अर्जासोबतची मुलगी हीच सदर ओळखपत्रातली मुलगी असून तिने दिलेली माहिती संपूर्ण सत्य असल्याची मी तिचा पिता या नात्याने हमी देतो. खाली सही केली. पेन टेकवून, जोर देऊन. मी शेजारीच उभी होते, पायाची बोटं बुटात घासत.

कारकुनाने ते वाचून आणखी एक कागद मागितला: त्वचेच्या डॉक्टरांचा दाखला, की हे दातात भरलेल्या पदार्थामुळेच झालं.

तोवर माझी कीर्ती पसरली होती. खोटं कशाला बोलू (हे वाक्य मी लिहितेय, त्याची मला लाज वाटते), मला मजा येत होती. शाळेत मधल्या सुट्टीत माझ्याभोवती घोळका जमायचा. दाढ भरताना ‘जरासं कडू लागलं’ होतं, ते पहिल्या दिवशी ‘चुरचुरलं’ झालं, दुसऱ्या दिवशी ‘आग झाली’ आणि तिसऱ्या दिवशी मी अक्षरशः किंचाळले होते. आवाजाचे चढउतार मला उत्तम जमतात, बक्षीस आहे त्यात. वकील आणि मुंगी गप्प बसून ऐकायच्या. त्यांचे पाय ठणठणीत होते. मुंगी एकदा म्हणाली, “अगं, पण आपलं ते...” आणि वकील म्हणाली, “आपलं ते काही नाही. पुरावा मोज्यात आहे.”

त्या आठवड्यात शाळेने दंततपासणीची दुसरी फेरी रद्द केली. इमारतीच्या फलकावर एक सूचना लागली: ‘दात भरण्यापूर्वी साहित्याच्या प्रतीची चौकशी करावी. एक हितचिंतक.’ अक्षर रंगकाकांचं होतं हे सगळ्यांना कळत होतं, आणि रंगकाकाही फलकासमोर उभे राहून ते मोठ्याने वाचून दाखवत आणि म्हणत, “कुणी का लिहिलं असेना, बरोबर लिहिलंय.”

एका दुपारी शाळेतून येताना मी दवाखान्याच्या काचेतून आत बघितलं. बाकडं रिकामं. डॉक्टरताई पेशंटच्या खुर्चीत बसल्या होत्या, मागे रेलून, डोक्यावरचा दिवा चालू ठेवून. हातात फोन नाही, पुस्तक नाही. नुसत्या बसल्या होत्या. मी पाय न वाजवता जिना चढले.

त्वचेचे डॉक्टर वयस्कर आणि अतिशय संथ होते. त्यांनी पाठीवर चाचणी करायचं ठरवलं. छोट्या छोट्या चकत्यांत वेगवेगळे पदार्थ घालून त्या पट्ट्यांनी पाठीवर चिकटवायच्या आणि पेनने खुणा करायच्या. दोन दिवस अंघोळ नाही, धावणं नाही, घाम नाही, खाजवणं तर अजिबात नाही. माझ्या पाठीचा पार तक्ता झाला. घरी आल्यावर बाबा चष्मा लावून आकडे वाचायचे आणि वहीत उतरवायचे. रंगकाकांना पण बघायचं होतं, आईने दारातून परत पाठवलं. दोन दिवस मी ताठ बसले, ताठ झोपले. वकील माझ्यापासून दोन बाकं लांब जाऊन बसली आणि म्हणाली, मैत्री वेगळी, वास वेगळा.

दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या, आणखी दोन दिवसांनी डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. आई सोबत होती. डॉक्टरांनी बराच वेळ पाठ निरखली.

“बाकी सगळं कोरं आहे. ॲक्रिलेटची जागा तेवढी चांगली फुललीय.” ते समोर येऊन बसले. “हे दात भरायच्या मसाल्यात असतं. घट्ट झाल्यावर सहसा त्रास देत नाही, त्यामुळे भरलेली दाढ राहू दे. पण ओलं असताना लागलं की संपलं. आता हिला हे जन्मभर सांभाळावं लागणार. दात, जखमेची चिकटपट्टी, कितीतरी ठिकाणी असतं ते.” मग आईला विचारलं, “कृत्रिम नखं, जेलची नखं, असलं काही? हल्ली या वयाच्या मुलींत बहुतेक वेळा तिथूनच सुरुवात होते.”

“छे हो, डॉक्टर,” आई हसली. “आमच्याकडे साधं नेलपॉलिशसुद्धा चालत नाही.”

“मग दातापासूनच म्हणायचं.” डॉक्टरांनी कोरा कागद ओढला. “तुम्हाला दाखला हवाय ना? लिहून देतो.”

ते फार सावकाश लिहीत. आधी तारीख. मग माझं नाव. मग वय. मला उलटं वाचता येतं. ‘सदर त्वचाविकार हा दंतोपचारामुळेच’ इथपर्यंत ते आले आणि शब्द शोधायला थांबले. पेन कागदावर टेकलेलं. त्या वाक्याचं क्रियापद आलं की तो कागद बाबांच्या अर्जाला जोडला जाणार होता, आणि मग खालच्या गाळ्यातला दिवा...

मी वाकले. बूट काढले, मोजे काढले आणि दोन्ही पाय डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. जमिनीवरच ठेवता आले असते. पण मला सगळं जरा जास्तच करायची सवय आहे.

जांभळी नखं, चमकी लावलेली, मुळाशी वाढून अर्धी झालेली. भोवती लालभडक, भेगाळलेली कातडी.

डॉक्टर म्हणाले, “अच्छा,” आणि कागद चुरगळून टोपलीत टाकला.

इमारतीच्या दाराशी आल्यावर आई म्हणाली, “किती दिवस?” मी म्हणाले, “सात शनिवार.” ती म्हणाली, “मी ‘इतर काही नाही’ असं लिहून सही केली गं.” आणि जिना चढायला लागली. मी मात्र खालीच थांबले.

डॉक्टरताई खोक्यांत सामान भरत होत्या. मी दारातच सगळं बोलून टाकलं, भरभर, चढउतार न करता. पायही दाखवले. त्यांनी गुडघ्यावर बसून बोटं बघितली, अगदी नीट, पेशंटची बघतात तशी.

“मी विचारलं होतं ना गं तुला?” एवढंच म्हणाल्या.

“हो. दोनदा.”

“तिसऱ्यांदा तुझ्या बाबांनी विचारू दिलं नाही.”

मी विचारलं, “तुम्ही कुठे चाललात?”

“एका मोठ्या रुग्णालयात नोकरी मिळालीय. महिनाअखेर गाळा सोडतेय. तिकडे सही करून आलेय मी कालच.”

“माझ्यामुळे?”

त्यांनी जरा विचार केला. “तुझ्या एकटीमुळे नाही. पण तुझ्यामुळे नाही, असंही नाही.”

खरं तर मला वाटत होतं, त्या रागावतील किंवा माफ तरी करतील. दोन्हींची मी मनात तयारी केली होती, उत्तरं ठरवली होती. त्यांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. खोक्यातून एक कार्ड शोधलं, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘ॲक्रिलेटची ॲलर्जी’ लिहून मला दिलं. “कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस की आधी हे दाखवायचं. कुणी विचारायची वाट बघू नकोस.” मग पुन्हा खोक्याकडे वळल्या. त्या दिवशी सभागृहात माझ्याशी थट्टा करणाऱ्या बाई त्या याच, हे मला स्वतःला पटवून द्यावं लागलं.

वर आले तर आईने बाबांना सांगून झालं होतं. बाबा मेजाशी बसले होते. समोर अर्जाच्या तीन प्रती आणि ते प्रतिज्ञापत्र. मला वाटलं, आता फुटणार. पण त्यांनी आपल्याच सहीवर बोट ठेवलं.

“मी त्या पोरीला तिच्या पेशंटसमोर काय काय बोललो,” ते म्हणाले.

मग त्यांनी कागदांची घडी घातली, पुन्हा एकदा घातली. “अर्ज मागे घेतो मी उद्या. मिटवून टाकू हे प्रकरण.” आणि आवाज खाली आणून, “आपल्यातच राहू दे. इमारतीत आपल्याला मान आहे. उगाच कशाला ज्याला त्याला...”

“रंगकाकांना तरी सांगावं लागेल,” आई म्हणाली.

“त्यांना सांगितलं म्हणजे सगळ्यांना सांगितलं. आणि आता उपयोग काय? ती तर चाललीच आहे.”

आई माझ्या पायांकडे बघत होती. “हो. चाललीच आहे,” ती म्हणाली, पण तिच्या आवाजात काही दम नव्हता. मला दोघांचीही दया आली. हे दोघं माझ्यासाठी भांडले होते. माझ्यासाठी बाबांनी खिडकीशी उभं राहून अपमान गिळला होता. आणि आता माझ्याचमुळे, आपल्याच इमारतीत, आपल्याच जिन्यात तोंड लपवायची वेळ त्यांच्यावर आली होती.

“बाबा,” मी म्हणाले, “अर्ज तुम्ही मागे घ्या, तो तुमचा आहे. बाकीचं मी करते. आपलं दार सोडून इमारतीत बावीस दारं आहेत. मी आत्ता निघतेय आणि प्रत्येक दारात सांगणार आहे, की मी खोटं बोलले, डॉक्टरताईंनी विचारलं होतं आणि त्यांची काहीही चूक नव्हती. पहिलं दार रंगकाकांचं. उद्या शाळेत मुख्याध्यापिकाबाईंना सांगेन. डॉक्टरताई थांबणार नाहीत, मला माहितीये, मी विचारून आलेय. आणि आई, कुणी विचारलं की हे तुझ्या आईबाबांना माहीत आहे का, तर मी हो म्हणणार आहे.”